फॉर्मवरचं दुसरं लेकरू

गुरुजी, बायकोच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला खरा खर्च किती आला, ते आज मांडून पाहिलं. पैसा काहीच लागला नव्हता, जीपसुद्धा तुम्हीच केली होती. गेलं ते एवढंच: एक लेकरू, त्याचं लग्न, त्याची लेकरं आणि दिवाळीला घरात झाला असता तो गलका.

तुम्ही आम्हाला सातवीला भूगोल शिकवायचात. फळ्यावर जपान, जर्मनी, इटली, फ्रान्स अशी यादी करून म्हणायचात, "जिथं पाळणे कमी, तो देश पुढं." मला ते पटलं. पुढं जवळा बाजार गावात शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान टाकलं, बस्तान बसलं, घरात एक मुलगी आली. त्या वर्षी मार्च संपत आला होता आणि ऑपरेशनच्या कॅम्पसाठी सरकारनं ठरवून दिलेल्या आकड्यात तुमची एक केस कमी पडत होती. शिक्षकांना तेव्हा निकालापेक्षा केसेसचा घोर जास्त. तुम्ही दुकानात येऊन बसलात. "अरे, तू हुशार माणूस. तुला काहून पायजे पलटण?" कॅम्पात कारकून म्हणाला, "एकाच लेकरावर न्हाई चालत, गुरुजी." तुम्ही शांतपणे पेन काढलं आणि फॉर्मवर लिहिलं, अपत्ये दोन. मी हसलो. नंतर कित्येक वर्षं बाजारात सांगत फिरलो की आमी नवरा-बायको बसून, इचार करून एकीवर थांबलो. आमचं घर जपानच्या बराबर.

मुलगी आता जपानलाच आहे. परवा फोनवर सांगते, "बाबा, इथलं सरकार लोकांच्या हातापाया पडून राहिलं, लेकरं होऊ द्या म्हणून. इटलीचं तेच. फ्रान्सचं जरा बरं म्हणतात, कोरियाचं तर इचारूच नका." यादी तुमचीच, गुरुजी, फक्त आता ती वाचताना लोकांचे चेहरे पडतात. मी विचारलं, "अन् तुमचं?"

"आमी न्हाई करणार."

"काहून?"

"तुमीच सांगायचे ना, एक लई झालं. आमी तुमच्याही पुढं गेलो."

ती हसली. तिच्या मागं जावई भांडी लावत होता, तेवढाच आवाज त्या घरात. बायकोनं माझ्या हातून फोन घेतला, जेवलीस का विचारलं, ठेवला आणि मला म्हणाली, "जा, सांगा तुमच्या गुरुजीला. केस पुरी झाली म्हणा."

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे पत्र कुठं टाकायचं नाही. सगळं तुमच्या माथी मारायलाच बसलो होतो, पण एक राहतंय. त्या दिवशी कॅम्पला जाताना जीपमध्ये तुम्ही पुढं होतात, तुम्हाला कळलं नसेल. मागं माझ्या शेजारी बायको पदराआडून म्हणाली होती, "मला अजून एक पायजे."

मला ऐकू आलं होतं.