फळ्यावरचा पासवर्ड

मंगळवार, धुळे

क्षयरुग्णांच्या पोर्टलवर प्रत्येक सेविकेला फक्त तिच्याच गावचे रुग्ण दिसावेत, म्हणून आठवडाभर परवानग्या लावत बसले. आज सेविकांच्या प्रशिक्षणात आमची संस्था चालवणाऱ्या नानांनी स्वतःचा पासवर्ड सगळ्यांसाठी फळ्यावर लिहिला. त्यांच्या खात्यातून सगळ्या गावांचं सगळंच दिसतं. मी अडवलं, तर म्हणाले,

"बठ्ठ्या आपल्याच बाया ना, पोरी. तेन्हामा लपाडासारखं काय शे?"

लपवण्यासारखं काय आहे? पिंपळनेरची एक मुलगी आहे. तिचे उपचार संपत आलेत, लग्न ठरलंय. होणारी सासू आमचीच सेविका, फळ्यासमोर बसलेली. तिला कळलं तर लग्न मोडेल.

फळा मी पुसला, नानांचं खातं बंद केलं. मग कोणती नोंद कोणी कधी उघडली, तो लॉग पाहिला. मुलीची नोंद तीन चाळीसला उघडली गेली होती. कोणी? लॉगमध्ये नाव नानांचं. तीन चाळीसला नाना माझ्याशी वाद घालत होते.