उपवासाचा लाल साबुदाणा

हॅरो, गुरुवार

ती. सौ. अक्कास मुरलीधरचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तसं काही नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझ्या साखरेचं विचारू नकोस, रिपोर्ट बघून आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी स्वतःचा चष्मा पुसला. आणि याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. (राग येऊ दे. आलेलाच आहे, त्यात अजून थोडा.)

आपल्या उर्वीचं तियागोशी ठरल्यापासून तू एकच धरून बसली आहेस : ज्या विहिणीशी दोन शब्द बोलता येत नाहीत तिच्या घरी मुलगी द्यायची कशी, आणि असल्या लग्नाला मी येणार नाही. मुलगा ब्राझीलचा, त्याच्या आईला पोर्तुगीजखेरीज काही येत नाही, हे खरं. म्हणून मग चौसष्टाव्या वर्षी मी लायब्ररीतल्या संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. मला वाटलं, प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे, असं काही शिकवतील. पण लुसियाना मॅडमचं म्हणणं, भाषा आधी जिभेवर ठेवावी लागते. त्यामुळे आठ आठवडे नुसती फळं, सरबतं आणि गोड पदार्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी अननस वर धरला. मी ऐटीत म्हटलं, 'अननस', कारण तो शब्द आपल्याला पोर्तुगीजांनीच दिला. तर नाही, ब्राझीलमध्ये त्याला 'आबाकाशी' म्हणतात. (म्हणजे आपल्या गळ्यात मारून हे मोकळे.) काजू म्हटल्यावर मी खारे काजू डोळ्यांपुढे आणले, तर पेल्यातून बोंडूचा रस आला आणि त्याने घसा असा धरला की दोन दिवस मी कुठल्याच भाषेत बोललो नाही. होमवर्क म्हणजे खाणं. कंडेन्स्ड मिल्कचे चॉकलेटी लाडू वळायचे, खायचे आणि खाताना वाक्य म्हणायचं. वाक्यं दोनच : 'फार छान आहे' आणि 'अजून वाढा'.

एवढ्या भांडवलावर गेल्या आठवड्यात विहीणबाई घरी आल्या. मार्लेनी त्यांचं नाव. तियागो त्यांना दारात सोडून पार्किंग शोधायला गेला, उर्वी ऑफिसातून यायची होती, आणि माझी संकष्टी. त्यांनी पिशवीतून काचेचं भांडं काढलं. आत लालबुंद रसात साबुदाणा. अक्का, खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. म्हटलं, बाईंनी माझा उपवाससुद्धा विचारून ठेवलाय. चव आंबटगोड, जराशी तुरट, जांभूळ असेल. वाटी संपल्यावर मी पहिलं वाक्य म्हटलं. त्या खूश झाल्या. मग दुसरं म्हटलं. असं तीनदा झालं. तेवढ्यात उर्वी आली आणि भांड्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हा सागू आहे. रेड वाइनमध्ये कुक करतात. आज तुमची उपवास आहे ना?"

एकतीस वर्षं या देशातल्या ऑफिस पार्ट्या मी संत्र्याच्या रसावर काढल्या, आणि शेवटी वाइन पाजली ती विहिणीने, तीही चमच्याने.

उर्वीने समजावल्यावर विहीणबाई डोक्याला हात लावून दहा मिनिटं बोलत होत्या. मला त्यात एकही फळ ओळखता आलं नाही. मग त्यांनी भांडं झाकून ठेवलं आणि चंद्रोदयापर्यंत माझ्याबरोबर उपाशी बसून राहिल्या. मला ते फार आवडलं. तुलाही आवडलं असतं, पण तू येणार नाहीस.

असो. पोर्तुगीजने माझ्या नाकी नऊ आणले आहेत, मी क्लास सोडला. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मुरली

ता. क. : उर्वीची आई जाऊन येत्या महिन्यात चार वर्षं होतील. कन्यादानाला जोडपं लागतं असं गुरुजी म्हणतात. मीनलच्या जागी तू बस, माझ्या जागी भाऊजी. दुसऱ्या कोणाला मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

ता. क. २ : क्लास सोडलेला नाही. विहीणबाई लग्नात दोनशे माणसांना पुरेल एवढा तोच सागू करणार आहेत, आणि 'नको' कसं म्हणायचं ते पुढच्या लेव्हलला शिकवतात. तू मात्र सहा महिने मला 'नाही' म्हणते आहेस, तेही फोन न उचलता. विहिणीशी बोलायला तुला भाषा कशाला लागते?