ग्रेगरचा काका पोहणारा होता

३१ ऑगस्ट २००६, गुरुवार

पायांचे तुकडे पडलेत. आज इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांना खेळाडू विकत घ्यायचा शेवटचा दिवस. मध्यरात्रीनंतर दार बंद, मग थेट जानेवारीत. आणि सही व्हायच्या आधी खेळाडूचं हृदय तपासायचं, ते काम शशिधर सरांच्या क्लिनिककडे. सर दोन हॉस्पिटलं सांभाळून मधूनच येतात, सह्या करतात, जातात. छातीला तारा लावून आलेख काढणं, फॉर्म भरणं, रिपोर्ट लिहिणं माझ्याकडे. सकाळपासून चार जण.

शेवटचा स्कॉटलंडचा. ग्रेगर म्यूर, वय तेवीस. तिकडच्या क्लबने दोन वर्षं बाकावर बसवून ठेवलेला, इथल्यांनी उचलला. माझ्या मांडीएवढे दंड, आणि सुई बघून डोळे मिटतो! बोलका फार. शर्ट काढेपर्यंत सगळं घर सांगून झालं. वडील बोटी रंगवतात. धाकटी बहीण कर्स्टी, सोळा वर्षांची, पाण्यातून बाहेर यायला तयार नसते, थेट काकावर गेलीय. काका म्हणजे गावातला सगळ्यांत पट्टीचा पोहणारा, आणि चोविसाव्या वर्षी तळ्यात—

"ते आज नको," मी म्हटलं. "आज चांगला दिवस आहे."

तोंडातून निघूनच गेलं. सहीच्या दिवशी मरणाच्या गोष्टी कशाला? आई जवळ असती तर "शुभ बोल" म्हणून तिनेही दटावलं असतं. तो हसला आणि तारा लावून घ्यायला आडवा झाला. 'कुटुंबात अचानक मृत्यू?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. बुडणं म्हणजे अपघात. मशीन म्हणालं नॉर्मल, मी लिहिलं नॉर्मल, सरांनी सही केली.

३ सप्टेंबर

अपूर्व स्लाऊहून आलाय. आमचा संसार शुक्रवार ते रविवार, बाकी फोनवर. ग्रेगरची बातमी त्यानेच वाचून दाखवली, आणि मी पचकले. "म्हणजे या हातांनी तू त्याला तपासलंस?" — आणि नवरा माझा हात धरून बसला. लग्नात इतक्या प्रेमाने धरला नव्हता. नाव सांगायला नको होतं. कोणाला बोलणार नाही अशी शपथ घातलीय.

२३ सप्टेंबर

ग्रेगरचे दोन गोल. अपूर्वला उधाण आलंय. "स्कॉटलंडवाले इथे येऊनच फुलतात बघ. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. तिकडे म्हणायचे हा स्लो आहे, आणि आता अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने गातंय." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. मलाही नागपुरात कोण विचारत होतं? इथे निदान आजोबा-आजी विचारून येतात, ती छोटी इंडियन डॉक्टर आहे का म्हणून.

७ ऑक्टोबर

मला आता ऑफसाइड कळतं.

११ ऑक्टोबर, बुधवार



दुपारी सरांच्या हॉस्पिटलात केस मीटिंग होती. बारा वर्षांची मुलगी, शाळेच्या पूलमध्ये बेशुद्ध, वाचली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पट्टीचा पोहणारा शांत पाण्यात बुडाला असं ऐकलंत की आधी त्याच्या हृदयावर संशय घ्या. ठोक्यानंतर पुन्हा तयार व्हायला काही हृदयांना जास्त वेळ लागतो. पोहताना, पळताना ताल बिघडतो आणि माणूस जागच्या जागी जातो. दोष रक्तातून येतो, पिढीजात.

हे मला माहीत नव्हतं का? परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

तळ्यात— म्हणाला होता. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

१२ ऑक्टोबर

क्लिनिकमध्ये लवकर गेले. फाइल काढली. मशीनचा आकडा बाजूला ठेवून हृदयाचा तो तयार व्हायचा वेळ हाताने मोजला. तीनदा. मशीनपेक्षा जास्त येतंय. दोष आहेच असं म्हणण्याइतकं नाही, नाही म्हणण्याइतकंही नाही. अगदी काठावर.

कोणाला सांगू? सांगितलं तर चौकशी. एप्रिलपासून आम्हा बाहेरच्या डॉक्टरांचे व्हिसाचे नियम बदललेत, निम्मे मित्र बॅगा भरून बसलेत. माझं काँट्रॅक्ट फेब्रुवारीपर्यंत. खोटा फॉर्म भरणारीला कोण ठेवेल? नाही सांगितलं तर तो एक दिवस गवतावर पडेल आणि उठणार नाही. मी भित्री आहे. लहानपणी फटाक्यांना घाबरून कपाटात बसायचे, तशीच आज औषधांच्या खोलीत जाऊन बसले.

१४ ऑक्टोबर

मॅच झाली. जिवंत आहे.

१५ ऑक्टोबर

कालचं नीट लिहिते. टीव्हीपुढे अपूर्व शेजारी बसून चिवडा खात होता, मी एकट्या ग्रेगरकडे बघत होते. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला की मी मनात ठोके मोजतेय. सत्तराव्या मिनिटाला गोल मारला आणि सगळे त्याच्या अंगावर पडले. ढिगाखालून तो उठेपर्यंत मी टीव्हीला नाक लावून उभी. अपूर्व म्हणाला, "तू तर माझ्याहून वेडी झालीस की!" त्याला सांगितलं नाही. एकदा सांगितलं की ते खरं होणार.

१७ ऑक्टोबर

सांगितलं. सरांना. उभ्यानेच, दार लावून.

"सर, माझी चूक झालीय." काकाचं सांगितलं, फॉर्मवरचं 'नाही' दाखवलं, हाताने मोजलेला आकडा दाखवला. सरांनी चष्मा वर करून आलेख बघितला. मग विचारलं, "खाली सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग चूक एकट्या तुझी कशी? शुक्रवारी बोलाव त्याला." आणि दारात थांबून, "पाच दिवस का थांबलीस, देवयानी?"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर

वसुबारस झाली, धनत्रयोदशी आली. आकाशकंदील खोक्यातच आहे. उद्या त्याचं हृदय वाईट निघालं तर त्याचं खेळणं संपलं. बोटी रंगवायला परत. दोष असून सापडलाच नाही तर—. देवापुढे बसले आणि काय मागावं तेच कळेना.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सुटला! सुटला, सुटला.

ट्रेडमिलवर पळवला, घामाघूम होईपर्यंत. पळताना आणि थांबल्यावर, मिनिटामिनिटाला आलेख. मी मोजलं, सरांनी मोजलं, वेगवेगळ्या खोल्यांत बसून. दोघांचंही नॉर्मल. निखळ नॉर्मल.

त्याआधी काकाबद्दल विचारलं. तळं शांत होतं, उन्हाळा होता, कोणी हाकही ऐकली नाही. तो म्हणाला, "मी त्या दिवशी सांगतच होतो, डॉक्टर. तुम्हीच म्हणालात आज नको." रागाने नाही म्हणाला.

निघताना सर म्हणाले, "हा सुटला, पण काकाचं काय होतं ते राहिलंच. घरच्या सगळ्यांनी तपासून घ्यायला हवं. त्याला आजच सांग." मी कॉरिडॉरमध्ये गेले तर तो फोनवर आईशी बोलत होता, रडत आणि हसत. पन्नाशीची आमची रिसेप्शनिस्टही डोळे पुसत होती. त्यात मी काय जाऊन सांगू, तुमच्या घरात कोणाच्या तरी हृदयात मरण बसलेलं असू शकतं? निदान आज नको. त्याने आपणहून नंबर दिला, तिकिटं हवी असतील तर सांगा म्हणाला. इथे उतरवून ठेवलाय, पानाच्या कडेला. दिवाळी झाली की करते फोन. चार दिवसांनी काय बिघडतंय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

किती दिवसांनी जेवले! कंदील लावला, चकल्या मऊ पडल्या तरी खाल्ल्या. अपूर्वला सगळं सांगून टाकलं. तो गंभीर झाला, मग माझ्या डोक्यावर टपली मारली. दुपारी ग्रेगर खेळला आणि मी चक्क चहा करायला उठले. तो धावत असताना!

२४ ऑक्टोबर, भाऊबीज

पुण्याला विष्णूला फोन केला. भावाला फोनवरूनच ओवाळलं, तो म्हणाला ओवाळणी पौंडात माग, मी रुपयात देईन. उद्या ग्रेगरला फोन करायचा. विसरायचं नाही.

२५ ऑक्टोबर

साडेआठला अपूर्वचा फोन. मला वाटलं सहज. तो बातमी वाचून दाखवत होता. ग्रेगर म्यूर शनिवारी खेळणार नाही, घरी गेलाय. बहीण वारली. काल संध्याकाळी, पोहण्याच्या सरावात, सगळे काठावर असताना.

वहीचं पहिलं पान उघडलं. तिचं नाव मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, काकाच्या ओळीतच.

नंबर वीस तारखेच्या पानाच्या कडेला आहे.