मथुराकाकीची साक्ष

मिहीर,

पेज झाकून ठेवली आहे. खाऊन मगच गोळी घे. मी तोंडवलीला मथुराकाकीकडे जाते आहे. त्या घराचं नाव तुला चालत नाही, म्हणून लिहून जाते.

काल भरपाईच्या दाव्यात तिची साक्ष झाली. तुला धडकलेल्या मोटारसायकलवर ती लेकाच्या मागे बसली होती ना! ती म्हणाली, "झील माझो आसा, पण वळणार चुकीच्या बाजून तोच इलो."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

"इचार करूनच इलंय, सायबानू."

वकील म्हणतात, आता भरपाई मिळणारच.

लेक तिला तिथेच टाकून निघून गेला. ती ताठ मानेने एकटीच एसटीकडे चालत गेली. मला हाक मारायचा धीर झाला नाही. आज तिच्या पाया पडून येते.

श्रिया