बोट वर्नेलला, ट्रेलर थर्मनला

मी, ओलीटा फे हॅडॉक्स, वय एकाहत्तर, राहणार टीगार्डन, पूर्व टेक्सास, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे. कोणी दडपण आणलेलं नाही, आणून बघावं.

१. घरातला माझा हिस्सा, बँकेतली शिल्लक आणि आईचा बिडाचा तवा माझा नवरा थर्मन याला. तवा साबणाने घासू नये.

२. माझी बोट आणि तिचा ट्रेलर वडिलांनी ठेवलेल्या पैशातून घेतलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहेत. बोट, इंजिनासकट, धाकटी बहीण वर्नेल हिला. ती ज्याच्यावरून तळ्यापर्यंत न्यायची तो ट्रेलर मात्र थर्मनला. वकील लेडबेटर म्हणाले, "बाई, एकाला घोडा आणि दुसऱ्याला लगाम, असं कोणी देतं का?" मी म्हटलं, "मी देते. लिहा."

कारणही लिहून ठेवते. मासेमारी क्लबच्या स्पर्धेत वर्नेलच्या गळाला लागलेला मोठा बास मासा बोटीच्या कडेपर्यंत आला होता आणि जाळी थर्मनच्या हातात होती. "थांब, दमू दे त्याला," हा म्हणाला. "अरे लाव ना जाळी, मुहूर्त बघतोयस का?" ती ओरडली. माशाने दोघांचंही ऐकून घेतलं आणि निघून गेला. तेव्हापासून ही दोघं बोलत नाहीत. नाताळच्या जेवणात मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात.

३. गळाला लावायची माझी सगळी रबरी गांडुळं वर्नेलला. रंग एकत्र ठेवू नयेत, एकमेकांत उतरतात. आम्ही दोघी बहिणी घाईने मासे धरणाऱ्या. गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवायचं, वजन लावायचं नाही, आणि पाणगवतावरून सपसप ओढत आणायचं. बासला विचार करायला वेळ दिला की तो विचार करतो. थर्मन गांडूळ तळाशी सोडून बसतो. बोटीत मी पुढे बसून तिथली छोटी मोटर चालवणार, म्हणजे कोणी हात न लावलेलं पाणी मला. मागे बसून उरलेलं त्याला. "अगं, तळं कुठे पळून चाललंय का?" हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. "तुझं गांडूळ म्हातारं झालं असेल, बघ जरा," हे त्याने ऐकलं. आणि त्या उरलेल्या पाण्यातून हा माणूस माझ्याहून मोठे मासे काढायचा. हे वर्नेलला वाचून दाखवू नये.

४. मला मरणाची भीती वाटत नाही. थर्मनच्या ओसरीवरच्या खुर्चीची वाटते. मी आजारी पडल्यापासून तो तळ्याकडे फिरकलेला नाही. "तुझ्याशिवाय काय जायचं," म्हणतो. थर्मन, माझा तुझ्यावर फार जीव आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: त्या खुर्चीत बसून माझ्यामागे यायची वाट बघू नकोस. वर्नेलचंही तसंच आहे. तिचा नवरा गेल्यापासून तिला भांडायला माणूस उरलेलं नाही.

५. दोघांपैकी कोणी बोट किंवा ट्रेलर विकायला काढला, तर दोन्ही वस्तू शेजारच्या हार्लन टूप्सला द्याव्यात. तो गळाला जिवंत मासळी लावून डुलक्या काढतो आणि आमच्या गांडुळांना लबाडी म्हणतो. माझ्या बोटीत त्याला बसलेला बघणं दोघांनाही सोसणार नाही, याची मला खात्री आहे.

६. दोघं मिळून बोट तळ्यावर न्याल त्या पहिल्या दिवशी, वर्नेल, तू मागे बस. मोटर थर्मनकडे दे. तो एकेका झुडपापाशी थांबेल, तुझा जीव जाईल, तरी तोंड मिटून बसायचं. थर्मन, हवा तेवढा वेळ घे. मला आता कुठेही जायची घाई नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही केली आहे.

ओलीटा फे हॅडॉक्स
टीगार्डन, १४ मार्च २०१९

साक्षीदार:
रोवीना पिकेट, पोस्टातली कारकून
क्लेटस मॅबरी, आमिषांचा दुकानदार
(यातलं आपल्याला काहीही मिळणार नाही, हे दोघांना आधी सांगूनच सह्या घेतल्या आहेत.)