थेट तिसऱ्या वर्षाला

३ मार्च, सकाळी ६
मलावीतल्या आमच्या झालेका निर्वासित छावणीत विद्यापीठ येतंय. इथंच बसून ऑनलाइन शिकायचं, आणि डिग्री मान्यताप्राप्त, बाहेर कुठंही चालणारी. तिकडे काँगोत, बुकावूला माझी कॉलेजची दोन वर्षं झालीत, तेव्हा मी थेट तिसऱ्या वर्षाला. कागदपत्रं लढाईत जळली, ही किरकोळ बाब. उद्यापासून पहाटे उठून इंग्लिश.

४ मार्च
उशिरा उठलो. इंग्लिश तसं येतंच.

९ मार्च
इंटरव्ह्यू. घेणारी एस्पेरान्स. छावणीच्या शाळेत माझ्याच हाताखाली शिकली. म्हणाली, गुरुजी, दाखला नसेल तर आधी सहा महिने पूर्वतयारीचा वर्ग करावा लागेल, शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या. म्हटलं, बाई, चौदा वर्षं इथं गणित शिकवतोय मी. म्हणाली, माहीत आहे गुरुजी. आवाजात आदर होता.

१० मार्च
वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. चार पानं, फ्रेंचमध्ये. माझा अपवाद करतील. नसिमिरे म्हणाली, अहो, ते लोक इंग्लिश वाचतात. म्हटलं, विद्वानांना भाषा आड येत नाही. म्हणाली, बरं, उत्तर येईपर्यंत सरपण आणा. बायकोला विद्वत्तेची कदर नसते.

१३ मार्च, शुक्रवार
उत्तर नाही. माझ्यासारख्याचा विचार करायला वेळ लागणारच. दुपारी नसिमिरे म्हणाली, एकोणीस वर्षं ऐकतेय, कागद असते तर मी असा असतो नि तसा असतो. आता कागद द्यायला माणसं दारात आलीत, तर तुमचा मान आडवा येतोय. ताट ठेवून शेजारी निघून गेली. ताटातली मक्याची उगाली गार झाली. फॉर्म देऊन आलो. केवळ तिच्या समाधानासाठी.

२३ मार्च
पूर्वतयारीच्या वर्गालाही परीक्षा आहे म्हणे. अभ्यास करत नाही. मी पुस्तक उघडलं तर पोरं घाबरतील.

२७ मार्च
गणितात चाळीसपैकी नऊ. कॉम्प्युटरची चूक. एस्पेरान्सला पुन्हा तपासायला लावलं. तिनं दार लोटून घेतलं, शेजारी बसली, तपासलं. नऊच.
म्हणाली, गुरुजी, अपूर्णांकांची बेरीज. छेदात छेद मिळवायचा नसतो. विचारलं, तुला हे कधी कळलं? म्हणाली, गेल्या वर्षी विद्यापीठानं आधी प्रयोग म्हणून घेतलेल्या पूर्वतयारीच्या वर्गात. तुमच्याकडचे आम्ही अकरा जण होतो, अकरांची चूक एकच.

६ एप्रिल
पूर्वतयारीच्या आधीच्या वर्गात घेतलंय. मागचा बाक भरलेला, पुढं बसलो. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. हात वर केला नाही, वहीत केलं. पाच छेद सहा. बरोबर आलं.
उद्या शाळेत माझा पाचवीचा तास आहे. अपूर्णांकच चाललेत. पोरांना काय सांगायचं ते लिहून पाहिलं. ‘नियम बदललाय.’ खोडलं. ‘गुरुजींचं चुकलं.’ हे अजून खोडलेलं नाही.