माइक नसलेला ट्रॉम्बोन

बाबा, तुमच्या नातीच्या बँडचा अल्बम येत्या शुक्रवारी बाहेर येतोय आणि त्यात तिचं वाजवणं नाही. कंपनीच्या मुंबई ऑफिसातल्या बाईंनी काल फोनवर तसं स्पष्ट सांगितलं. वर्तमानपत्रात काम करून बातमी दोन ठिकाणांहून पडताळायची सवय लागलेली, म्हणून मी बँडमधल्या गाणाऱ्या मुलालाही विचारलं. तो म्हणाला, "हो काकीमा. आम्हाला मागच्या आठवड्यातच कळलं. तिला कोण सांगणार, इथे गाडी अडली होती."

तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, त्यामुळे थोडं मागून सांगायला हवं. ती ट्रॉम्बोन वाजवते. लग्नाच्या बँडमध्ये पुढे-मागे सरकणारी लांब पितळी नळी असते ना, तोच. बेहाला भागात आमच्या बंगाली गल्लीच्या तोंडाशी ड्रम वाजवणाऱ्या मुलाच्या मामाचं लेथचं वर्कशॉप आहे. रविवारी लेथ बंद असतो, तेव्हा ही पोरं तिथे जमतात, लोखंडाचा कीस झाडून बाजूला करतात आणि वाजवतात. त्या संगीताला स्का पंक म्हणतात. ड्रम सुटलेला असतो, गाणारा भांडायला आल्यासारखा गातो आणि गिटार ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडते. त्या सगळ्या गोंधळावर ट्रॉम्बोन मोठ्याने हसल्यासारखा येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गणपतीतली मंडळाची आरती आठवली. मी आठ-नऊ वर्षांची आहे, हातात झांज आहे आणि मी ती नेमकी त्या मधल्या फटीत वाजवतेय. मला ते फार छान वाटतंय. तुम्ही आरती न थांबवता, माझ्याकडे न बघता झांज काढून घेता. प्रसाद वाटून झाल्यावर म्हणता, "ठेका सोडून वाजवायचं असेल तर टाळ्यासुद्धा वाजवू नकोस." मी परत कधी झांज धरली नाही. त्याच फटीवर तुमच्या नातीने लोकांच्या शिट्ट्या घेतल्या.

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने त्यांना ऐकलं. तोवरची गाणी पोरांनी स्वतःच रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली होती. मोठ्या कंपनीकडून येणारा हा पहिलाच अल्बम. बाकीचे सज्ञान होते, ही तेव्हा सतरा वर्षांची, म्हणून तिच्या वतीने सही मी केली. अखेरचा आवाज कसा असेल ते कंपनी ठरवेल, असं एक कलम होतं. मी त्यावर बोट ठेवून तिला दाखवलं. ती म्हणाली, "आई, सगळ्यांच्यात असंच असतं गं. तू काय प्रूफ वाचतेयस?"

"वाचतेच आहे."

"मग चूक काढून झाली असेल तर सही कर."

केली. आता त्या बाई म्हणतात, "मॅडम, ट्रॉम्बोनमुळे वरातीचा फील येत होता. तो भाग आम्ही कीबोर्डवर घेतला. पण कव्हरवर ती आहे ना! मुलीच्या हातात ट्रॉम्बोन, इतकं छान दिसतं!" शनिवारी संध्याकाळी इथल्या हॉलमध्ये अल्बमचा कार्यक्रम आहे. मागे रेकॉर्ड केलेला आवाज चालेल आणि हिने ट्रॉम्बोन ओठांना लावून उभं राहायचं. तिच्यापुढे माइक नसेल. ती उभी राहिली नाही तर, असं मी विचारलं. तर करार मोडला असं धरतील, अल्बम मागे घेतील आणि कराराची मुदत संपेपर्यंत बँडला दुसऱ्या कुणाकडे रेकॉर्ड करता येणार नाही. हे सगळं त्यांनी उद्याचं हवामान सांगावं इतक्या गोड आवाजात सांगितलं.

कालपासून मला गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतंय. आई कणीक मळतेय. खिडकीला पडदा नाही. पडदे बदली होऊन आपल्या मुलखात परत गेल्यावर शिवायचे, असं ठरलेलं, त्यामुळे घरभर खिडक्यांना वर्तमानपत्रं डकवलेली आणि त्यांतून पिवळा उजेड येतोय. तुम्ही ऑफिसातून येता, बूट न काढता दारात उभे राहता आणि सांगता की मुंबईची जागा निघाली होती, पण साहेब म्हणाले नवं टाइमटेबल लागेपर्यंत थांबा, आणि तुम्ही हो म्हणालात. आई मान वर करत नाही. "शब्द तुमचा," ती म्हणते, "आणि राहायचं आम्ही." टाइमटेबल लागलं. मुंबईला दुसराच कुणी गेला. पुढे तुम्ही त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाहीत. तुमच्या त्या न बोलण्यात आपण तिघंही राहिलो, आणि मी तर अजून याच शहरात आहे. मला हे शहर आवडतं. पण आवडून राहणं वेगळं आणि राहावं लागणं वेगळं, हे मला त्या स्वयंपाकघरात कळलं होतं.

तिला मी काल रात्रीच सगळं सांगितलं, आणि आज सकाळी तो गाणारा मुलगा घरी आला. ही जमिनीवर बसून ट्रॉम्बोनची नळी पुसत होती. मी चहा टाकला, आणि दोघं माझ्यासमोरच सुरू झाली.

"एक दिवस नुसता धर ना तोंडाला," तो म्हणाला. "अल्बम आला की पुढचा आपल्या मनासारखा करू."

"पुढचा? अजून चार आहेत करारात. चारही तेच ठरवणार."

"म्हणून तर! भांडलो तर तितकी वर्षं गप्प बसावं लागेल."

"तू कुठे गप्प बसणारेस? तुझा आवाज आहे त्यात. मी बसणारे."

तो चहात बिस्कीट बुडवत राहिला. बिस्कीट तुटून आत पडलं. "मग काय करणार तू?"

"वाजवणार. ट्रॉम्बोनला माइक कधीपासून लागतो? वरातीत कोण देतं?"

त्याला हसू आवरलं नाही. "नवरदेव कोण? मी घोड्यावर बसणार नाही हां." मग तोच गंभीर झाला. "तू वाजवलंस तर आपण पाचही जण अडकतो. हे तुला कळतंय ना?"

"आणि नाही वाजवलं तर मी एकटी अडकते. हे तुला?"

तो उठला. चप्पल घालताना म्हणाला, "ठरव. फक्त स्टेजवर जाऊन ठरवू नकोस. आज सांग. मी बाकीच्यांना सांगेन." पोरगा वाईट नाही, बाबा. त्याच्या घरी कव्हरचा फोटो फ्रेम करून लावलाय.

तो गेल्यावर ही परत नळी पुसायला लागली. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते. मला तिला 'वाजव' म्हणायचं होतं, पण सही माझी होती, आणि बाकीच्या चौघा पोरांचं नशीब माझ्या जिभेवर घ्यायची हिंमत होत नव्हती. 'गप्प उभी राहा' हे तर तोंडातून निघणारच नव्हतं. तेवढ्यात तिनेच विचारलं, "आई, आजोबा काय म्हणाले असते?"

मला उत्तर माहीत होतं. तुम्ही चष्मा पुसत म्हणाला असतात, "सही केलीय ना? मग विषय संपला." तुमचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

"वाजव म्हणाले असते," मी म्हणाले.

तिने लगेच फोन लावला. "मी वाजवणार. आजोबांनी सांगितलंय." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "नाहीत, म्हणून काय झालं?" ती म्हणाली. मग फोन ठेवून म्हणाली, "तो म्हणतो, त्या गाण्याला तो मागचा आवाज बंद करायला लावेल. बाकीचे तयार झाले तर."

आता दुपार आहे. पहिल्या पानाला अजून वेळ आहे, म्हणून ऑफिसात बसून हे लिहितेय. पान लागलं की पुसून टाकेन. बाकीचे तिघे संध्याकाळी काय ते कळवणार आहेत. त्यांनी नाही म्हटलं तरी ती वाजवेल, हे तिचा चेहरा बघून मला कळलंय. सोमवारी कंपनीचा फोन येईल आणि तो मलाच येईल. त्याचं मी बघेन. तिला मात्र तुम्ही तसं कधीच म्हणाला नसतात, हे मी सांगितलेलं नाही, आणि शनिवारच्या आधी सांगणारही नाही.